चोवीस बिटांचा आवाज घरच्या संगणकातून

मनमाड जंक्शनच्या परिसरात राहणाऱ्यांना पूर्ण शांतता क्वचितच लाभते. मुंबई-भुसावळ मार्गावरील गाड्यांची रात्रंदिवस ये-जा, दौंड आणि छत्रपती संभाजीनगरकडे फुटणारे मार्ग, मालगाड्यांचे शंटिंग आणि फलाटावरील उद्घोषणा यांचा एक अखंड स्वर गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. अशा गावात संगणकावरून ‘चोवीस बिट’ दर्जाचे संगीत ऐकण्याचा अट्टहास कुणाला चैनीचा वाटेल. तो काही अंशी चैनीचा आहेही. मात्र ही चैन नेमकी कुठे संपते आणि गरज कुठे सुरू होते, हे बिट म्हणजे काय ते समजल्याखेरीज कळत नाही.

ध्वनी संगणकात साठवताना त्याच्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजली जाते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. चोवीस बिट म्हणजे १,६७,७७,२१६. वखारीतला काटा पोती तोलतो आणि सोनाराचा काटा गुंज तोलतो, तसाच हा फरक. पोते दोन्हीकडे पोतेच राहते, फक्त अत्यंत हलक्या वस्तूची नोंद सोनाराकडेच होते. त्याचप्रमाणे चोवीस बिटांमुळे मोठा आवाज अधिक मोठा किंवा अधिक गोड होत नाही. अत्यंत मंद आवाज तळाच्या खरखरीत बुडण्यापासून वाचतो, इतकेच. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबलची भर पडते. त्या हिशेबाने सोळा बिटांचा पल्ला सुमारे ९६ डेसिबल आणि चोवीस बिटांचा १४४ डेसिबल होतो.

आता हेच गणित घराला लावून पाहावे. रात्रीच्या निवांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. रुळांजवळच्या घरात त्याहून पुष्कळ अधिक. त्या पातळीच्या वर सोळा बिटांचा संपूर्ण पल्ला ऐकायचा, तर मोठ्यात मोठा स्वर १२६ डेसिबलवर वाजवावा लागेल. एवढ्या आवाजाने कानाला इजा होते. म्हणजे केवळ ऐकण्यापुरते पाहिले तर नीट मुद्रित झालेली सोळा बिटांची तबकडी पुरेशी आहे. जाहिराती काहीही सांगोत.

मग उरलेले आठ बिट कशासाठी? पहिला उपयोग आवाज कमी-जास्त करण्यासाठी. संगणकाच्या पडद्यावरील पट्टी खाली ओढून आवाज २४ डेसिबलने उतरवला, तर सोळा बिटांच्या मार्गात चार बिट वाया जातात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला बाराच उरतात. चोवीस बिटांच्या मार्गात मात्र ४८ डेसिबल उतरवूनही मूळचे सोळा बिट शाबूत राहतात. एमपी३ फाइलच्या बाबतीतही हे लागू आहे. तिला स्वतःची अशी ठरावीक बिटसंख्या नसते. ती उलगडताना निघणारी मापे अधिक सूक्ष्म असतात आणि ती सोळा बिटांवर कापावीत की चोवीसवर, हे वाजवणारी आज्ञावली ठरवते.

अडचण अशी की, साउंड कार्डाच्या खोक्यावर ‘२४ बिट’ छापलेले असले, तरी वाटेतील प्रत्येक टप्पा ते पाळतोच असे नाही. १९९८ मध्ये आलेले आणि पुढे अतिशय लोकप्रिय झालेले साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड आतमध्ये सर्व काही ४८,००० हर्ट्झवर बदलून घेत असे. परिणामी सीडीवरील ४४,१०० चे प्रत्येक माप नव्याने हिशेबले जाई. विंडोज एक्सपीमधील मिश्रक हाही असाच मध्यस्थ होता. त्याला वगळण्यासाठी जाणकार मंडळी स्टाइनबर्ग कंपनीची ‘आसिओ’ पद्धत वापरत. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून ‘वासापी’ ही सोय विंडोजमध्येच आली आणि तिच्यातील एकाधिकार पद्धतीमुळे गाणे वाजवणाऱ्या आज्ञावलीला कार्डाशी थेट बोलता येऊ लागले. २००४ मध्ये इंटेलने आखलेल्या ‘एचडी ऑडिओ’ मानकामुळे मदरबोर्डवरील साध्या चिपलाही चोवीस बिट पेलू लागले.

आज घरच्या संगणकावर करायचे ते थोडकेच आहे. ध्वनीच्या मांडणीत जाऊन स्पीकरच्या गुणधर्मांत ‘२४ बिट’ निवडावे आणि हर्ट्झचा आकडा फाइलच्या आकड्याशी जुळवावा. आवाज ‘सुधारणारे’ सर्व पर्याय बंद करावेत. बहुधा तेच सर्वाधिक बिघाड करतात. फूबार २००० सारख्या मोफत आज्ञावलीत वासापीचा एकाधिकार मार्ग निवडता येतो. ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल, तर ही सारी खटपट बहुतेक व्यर्थ, कारण तिथे आवाज पुन्हा आवळूनच पाठवला जातो.

एवढे केल्यावरही चोवीस बिट पूर्ण मिळत नाहीत. विद्युतमंडलाचा स्वतःचा सूक्ष्म गोंगाट असतो आणि उत्तम परिवर्तकही १२० डेसिबलच्या आसपास थकतात. म्हणजे प्रत्यक्षात वीसेक बिट. मदरबोर्डवरील चिप पंखा, हार्ड डिस्क आणि वीजपुरवठ्याच्या शेजारी बसलेली असल्याने तिची मजल आणखी कमी. त्यात घराचे अर्थिंग कच्चे असेल, तर स्पीकरमधून अखंड गुणगुण येते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर दोष गाण्याच्या फाइलमध्ये शोधण्यात अर्थ नाही. यूएसबीने जोडायचे बाहेरचे साउंड कार्ड घेण्याचे खरे कारण बिटसंख्या नसून संगणकाच्या आतल्या गोंगाटापासून सुटका हे आहे. तेवढ्याने गुणगुण जाईलच असे मात्र नाही; अर्थिंग आधी दुरुस्त करावे लागते.

चोवीस बिटांची खरी निकड भासते ती ऐकताना नव्हे, तर ध्वनिमुद्रण करताना. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि कीर्तने, भजने, लग्नातील मंगलाष्टके, आजीच्या ओव्या घराघरांत टेपरेकॉर्डरवर उतरवल्या गेल्या. रेल्वे वसाहतींची गावेही त्याला अपवाद नव्हती. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आज अनेक संग्राहकांपाशी सापडतील. आजीच्या ओवीची प्रत मात्र एकच असते आणि तीही लोखंडी कपाटात बुरशी धरत पडलेली.

साध्या कॅसेटचा पल्ला पन्नासेक डेसिबलचा, म्हणजे आठ-नऊ बिटांचा. मग तिच्यासाठी चोवीस बिट का, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की, पुढचा सूर किती मोठा येईल हे आधी ठाऊक नसते. सोळा बिटांत मुद्रण करताना पातळी वर ठेवण्याचा मोह होतो आणि कीर्तनकाराने टिपेचा सूर लावताच, किंवा टाळ जोरात वाजताच, लहरीचे शेंडे छाटले जातात. छाटलेला सूर कोणत्याही उपायाने परत येत नाही. चोवीस बिटांत कमाल पातळीच्या १२ ते १८ डेसिबल खाली निर्धास्त राहता येते. नंतर आवाज वाढवला, तरी कॅसेटच्या स्वतःच्या खरखरीखेरीज वेगळे काही वर येत नाही.

इथेही एक फसगत ठरलेली आहे. ऑडॅसिटी ही मोफत आज्ञावली मुद्रणासाठी सोयीची आहे. पण विंडोजवर तिच्यात ‘एमएमई’ हा मार्ग निवडलेला राहिला, तर पडद्यावर चोवीस बिट दिसूनही प्रत्यक्षात सोळाच बिट नोंदले जातात. तिथे ‘वासापी’ निवडावे लागते. शिवाय टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात घालू नये. ते छिद्र बहुधा एकेरी ध्वनीचे असते आणि क्षीण आवाज वाढवण्यासाठी बनवलेले असते. ‘लाइन इन’ असलेले, चोवीस बिट मुद्रित करणारे बाहेरचे यंत्रच घ्यावे. अगदी स्वस्त यूएसबी तुकड्यांपैकी बरेच सोळा बिटांवरच थांबतात.

त्याआधी हेड स्पिरिटने पुसणे आणि हेडशेजारचा लहान स्क्रू हलक्या हाताने फिरवून सर्वांत स्वच्छ आवाज कुठे येतो ते पाहणे, ही कामे बिटांहून अधिक मोलाची ठरतात. हेड तिरके असेल, तर शब्दांतील ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि ती धार चोवीस काय, बत्तीस बिटांनीही परत येत नाही. हा सराव मात्र एखाद्या बाजारू कॅसेटवर करावा. जपायची फीत आधी सुटी करून पुढे-मागे गुंडाळून घ्यावी, आणि ती प्रथम वाजेल तेव्हाच मुद्रण सुरू असावे, कारण इतक्या जुन्या फिती कधी कधी दुसऱ्यांदा वाजत नाहीत.