अण्णांची फटफटी

पितृपक्षात श्राद्धतिथीला पितरांच्या आवडीचा एखादा पदार्थ पानावर वाढण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. आमच्या येथे आजोबांसाठी भरली कारली होतात, आजीसाठी सांज्याच्या पोळ्या होतात. आमचे तीर्थरूप, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, ते जेवणाच्या बाबतीत अगदी उदासीन. पानात पडेल ते मुकाट्याने खाऊन उठावयाचे. त्यामुळे त्यांच्यासाठी काय करावे, याचा स्वयंपाकघरात दरवर्षी खल होतो. गतवर्षी तो चालू असता माझी मुलगी म्हणाली, “आजोबांची आवड एकच होती. आता फटफटी पानावर कशी वाढायची?” सर्वजण हसले. मला मात्र हसता आले नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे. ही गोष्ट माझ्या एकट्याच्याच घरची नसावी, असे मला वाटते.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची कोनशिला बसली आणि पुढे लवकरच अण्णांची त्या कामावर नेमणूक झाली. आमचे घर औरंगाबादेस, म्हणजे २०२३ साली ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले त्या शहरात, गुलमंडीजवळच्या एका वाड्यात होते. आजोबा, आजी, दोन काका, काकू आणि आम्ही सात भावंडे असा गोतावळा. पैठण तेथून सुमारे ५० किलोमीटर. माझी आत्या पैठणास दिलेली. आठवडाभर अण्णांनी तिच्याकडे राहावे आणि शनिवारी सायंकाळी घरी यावे, असा क्रम ठरला. परंतु एस. टी. चुकली की घरी पोहोचेपर्यंत रविवार उजाडे, आणि रविवार उजाडला की लगेच सोमवारची तयारी सुरू होई. या ओढाताणीला कंटाळून अण्णांनी एके दिवशी एक जुनी जावा मोटारसायकल विकत आणली.

ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियातील. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली प्राग येथे जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकली बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव घडविले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती आपल्याकडे तयार होऊ लागली. आमच्या गाडीचा रंग काळसर तांबडा. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. पेट्रोलात तेल मिसळून घालावे लागे. ज्या दांडीने किक मारावयाची, तीच फिरवून खाली आणली की गिअरची दांडी होई. हे कौतुक पाहण्यासाठी गल्लीतील मुले आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसत.

आजोबांना मात्र ते कौतुक रुचले नाही. अमरकोश मुखोद्गत असलेले ते जुन्या वळणाचे गृहस्थ. “हे भूत दारात कशाला?” एवढेच ते म्हणाले. दोन दिवस वाड्यात कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना गाडीचे नाव विचारले. नाव ऐकून ते क्षणभर थांबले व म्हणाले, “जव म्हणजे वेग. अमरकोशातच आहे. मग ही आपलीच म्हणायची!” ही व्युत्पत्ती व्याकरणाच्या कसोटीला उतरत नाही, हे पुढे संस्कृत शिकवू लागल्यावर मला उमगले. आजोबांना ते त्याच वेळी ठाऊक असले पाहिजे. परंतु कर्त्या मुलाच्या हौसेला मान तुकवावयाची, तर वडीलपणाला शोभेल असे एखादे निमित्त हवे, आणि ते त्यांनी शोधून काढले. त्या वर्षी दसऱ्याला पोथ्या आणि शस्त्रांबरोबर जावालाही हळदकुंकू लागले.

त्यानंतर शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमचा सण झाला. पैठण गेटाच्या बाजूने तो फटफट आवाज येऊ लागला की आजी देवापुढे दिवा लावून उठे आणि आई चुलीवर आधण ठेवी. अण्णा एकटे क्वचितच येत. कधी आत्येभाऊ मागे बसलेला असे, कधी आत्याने पाठविलेल्या भाजीची पिशवी हँडलला लोंबत असे. एका फाल्गुनात आजीने नाथषष्ठीला पैठणास जाण्याचा हट्ट धरला. एस. टी.त यात्रेची गर्दी अशी की पाय ठेवावयास जागा नाही. अण्णा म्हणाले, “आई, मी नेतो.” सोवळे-ओवळे पाळणारी बाई फटफटीवर कशी बसावी, यावर घरात मोठी चर्चा झाली. अखेर आजीनेच निकाल दिला : “नाथांच्या दारात विटाळ नसतो.” पुढे अण्णा, मध्ये आजी, मागे धाकटे काका, आणि आजी पडू नये म्हणून तिला अण्णांच्या कमरेशी उपरण्याने बांधलेले. आज असे कोणी करू नये. पण परत आल्यावर, गोदावरीचे स्नान आणि नाथांचे दर्शन यांच्याही आधी आजी वाऱ्याचेच वर्णन करीत बसली, हे मला स्पष्ट आठवते.

१९७२ च्या दुष्काळात अण्णा कित्येक शनिवार येऊ शकले नाहीत. आले की पहिल्यांदा माठात पाणी किती आहे ते पाहत. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीची ती भिंत आणि तिच्यामागे पसरलेला नाथसागर घरातील प्रत्येकाला दाखविल्यावाचून अण्णांना चैन पडेना. दर रविवारी दोघांदोघांना घेऊन त्यांनी ते व्रत पुरे केले. मला वाटते, आपल्या आयुष्याचे काम त्यांना आम्हांस दाखवावयाचे होते, पण तोंडाने ते म्हणाले एवढेच, “पाणी बघा.”

पुढे वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना निघाला आणि मोटारसायकल ही या शहरात नवलाईची वस्तू राहिली नाही. अण्णा निवृत्त झाले, आत्याला वैधव्य आले. तरी शनिवार मोडला नाही. केवळ त्याची दिशा बदलली. आता ते शनिवारी सकाळी पैठणास बहिणीकडे जात व सायंकाळी परत येत. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याने शिरस्त्राण सक्तीचे केले, त्याच्याही आधीपासून ते घालीत. लोक हसत; त्यांना त्याचे काही नसे.

त्र्याहत्तराव्या वर्षी मात्र एका चौकात वळताना वाळूवरून चाक घसरले. मागे माझा मुलगा बसला होता. अण्णांना खरचटले; मुलाचे मनगट मोडले. त्या रात्री मी खुंटीवरची किल्ली काढून माझ्या कपाटात ठेवली. अण्णांना विचारले नाही. सकाळी त्यांनी खुंटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि चहाचा कप उचलला. त्यानंतर सात वर्षे ते जगले. किल्लीचा शब्द त्यांनी कधी काढला नाही. दर रविवारी गाडी पुसावी, चाकांत हवा भरून घ्यावी, प्लग काढून काचकागदाने घासावा आणि पुन्हा बसवावा, एवढेच.

“आत्याकडे मी मोटारीने नेत जाईन,” असे मी त्यांना सांगितले होते, आणि ते मनापासून सांगितले होते. परंतु शाळा, परीक्षा, लग्नकार्ये यांतून वर्षाकाठी दोन खेपा झाल्या तरी पुष्कळ. एस. टी.ची पायरी चढणे त्यांच्या गुडघ्यांना जमेना. तिसऱ्या वर्षी आत्या गेली. आम्ही मोटारीने निघालो, तेव्हा बिडकीन मागे पडले तरी अण्णा एक अक्षर बोलले नव्हते. आत्याची सून मला बाजूला घेऊन म्हणाली, “शनिवारी त्या दुपारपर्यंत जेवत नसत. दादा येईल म्हणत.” मी घरातून एक धोक्याचे वाहन काढून घेतले असे समजत होतो, प्रत्यक्षात दोघा वृद्ध भावंडांचे शनिवार काढून घेतले होते.

अण्णा गेल्यावर वर्षाने गाडी दुरुस्त करून ठेवावी असे घरात ठरले. पेठेतला एक जुना मिस्त्री आला. त्याने कार्ब्युरेटर साफ केला, नवी बॅटरी बसविली आणि किल्ली मागितली. मी ती आणावयास माडीवर गेलो. कपाट उघडतो न उघडतो तोच खाली अंगणात फटफट सुरू झाली. धावत येऊन पाहतो, तो किल्लीच्या जागी एक साधा खिळा. मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, या जुन्या गाडीच्या किल्लीला दाते नसतात. नुसती गोल कांडी. खिळ्यानेही काम भागते. मी पोरगा होतो तेव्हा अण्णांनीच शिकवले हे मला.”

मी तेथेच पायरीवर बसलो. सात वर्षे मी किल्ली कुलपात ठेवून निश्चिंत होतो. अण्णांच्या हत्यारांच्या पेटीत खिळ्यांचा डबा होता आणि गाडी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांना अडविले ते माझ्या कुलपाने नव्हे. नातवाचे मनगट आणि मुलाचा शब्द, या दोहोंचा मान त्यांनी आपण होऊन राखला. आणि तो राखीत आहोत हे मला कळूही दिले नाही. ज्यांचे गाडीवर प्रेम अधिक की घरावर अधिक, असा प्रश्न आम्ही थट्टेने विचारीत असू, त्यांनी त्याचे उत्तर असे दिले.

किल्ली काढली हे चुकले, असे मी आजही म्हणत नाही. दृष्टी मंद झालेल्या माणसाने वाहन चालवू नये, हेच योग्य. परंतु आजोबांनी मुलाच्या हौसेला होकार देताना जेवढा विचार केला, तेवढा मी वडिलांच्या हौसेला नकार देताना केला नाही. वृद्धांच्या हातून एखादी वस्तू काढून घेण्याची वेळ प्रत्येक घरात येते : गाडी, तिजोरी, स्वयंपाकघर. त्या वेळी त्यांच्याशेजारी बसून दोन शब्द बोलावेत, आणि त्या वस्तूच्या आधाराने ते कोठे जात, कोणाला भेटत, याची सोय आधी लावावी. मग जे घ्यावयाचे ते घ्यावे.

गतवर्षी पक्षाचे जेवण आटोपल्यावर मुलीने जावा बाहेर काढली. दोघांनी शिरस्त्राणे घातली, मी मागे बसलो, आणि पैठण गेटावरून आम्ही आत्याच्या सुनेकडे जाऊन आलो. परत आल्यावर किल्ली मी पुन्हा जुन्या खुंटीला अडकविली. घरात माझी स्वतःची स्कूटर आहे, तिचीही किल्ली तेथेच असते. ती काढून ठेवण्याची वेळ आली तर आधी मला सांगा, असे मी मुलांना बजावून ठेवले आहे. माझी पाळी आता फार दूर नाही.