चिमणी उड, म्हैस उड आणि रोबो

ग्वाल्हेरच्या किला गेटकडच्या गल्लीत पोरं ओट्यावर बोटं टेकवून बसतात आणि त्यांतला एक भराभर ओरडतो, 'चिड़िया उड़, तोता उड़, भैंस उड़!' म्हशीला ज्याचं बोट वर जाईल तो बाद. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरात हाच खेळ 'चिमणी उड' म्हणून चालतो. बोट उचलायची लय लागलेली असताना ऐन वेळी ते रोखून धरता येणं ही एक बौद्धिक क्षमता आहे, आणि प्रयोगशाळेतल्या कित्येक चाचण्या नेमकी तीच तपासतात. खेळता खेळता मुलांची कौशल्यं तपासणारे रोबो म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर डोक्यात डोकावणारं काहीतरी यंत्र उभं राहतं. प्रत्यक्षात रोबो असलेच खेळ खेळवतो आणि मूल काय करतं त्याची नोंद ठेवतो. बुद्धी त्याला दिसत नाही.

मग त्याचा उपयोग काय? रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायची चाचणी सॅम्युएल कोह्स यांनी १९२० मध्ये मांडली. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ च्या आपल्या चाचणीसंचात ती घेतली. परीक्षक घड्याळ लावतो, नक्षी जमली की नाही ते पाहतो आणि वेळ लिहितो. समजा, दोन मुलांनी नव्वद सेकंदांत नक्षी पुरी केली. एकीने आधी नुसतं बघत बसून मग एका दमात ठोकळे लावले. दुसऱ्याने मांडलं, मोडलं, एकच ठोकळा पाच वेळा फिरवला. गुणपत्रकावर दोघं सारखीच. ठोकळ्यात संवेदक असेल किंवा समोरच्या रोबोला कॅमेरा असेल, तर मूल कुठे अडलं, कुठे परत फिरलं, हेही टिपलं जातं. चांगला परीक्षक हे डोळ्यांनी पाहतोच, पण दिवसाचं दहावं मूल समोर असताना त्याची नजर थकते. रोबोचा खरा फायदा एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

रोबो सगळं आपल्या मनाने करतो, असंही अनेकांना वाटतं. पुष्कळ प्रयोगांत पलीकडच्या खोलीत एक माणूस संगणकापुढे बसून त्याला बोलवत-हलवत असतो. संशोधक या पद्धतीला 'विझार्ड ऑफ ऑझ' म्हणतात. लहान मुलांचं बोलणं यंत्राला मोठ्यांच्या बोलण्याइतकं नीट उमगत नाही. त्यात ग्वाल्हेरचं मराठी मूल 'आई, वो निळा वाला दे ना' म्हणालं, तर रोबोने कुठल्या भाषेत ऐकायचं?

'यंत्राला आपपरभाव नसतो' हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. गुणांना अर्थ येतो तो त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना करून. ती इतर मुलं कोण, हे यंत्र ठरवत नाही. आपल्याकडे ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली होती. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने-चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांची अमेरिकन चाचणी भारतीय मुलांसाठी नव्याने बसवली. ही मेहनत न करता परदेशी रोबो आणून त्याला हिंदीत बोलायला लावलं, तर घरी मराठी नि शाळेत हिंदी बोलणाऱ्या मुलाचा शब्दसंग्रह निम्माच मोजला जाईल. रोबो विकायला येणाऱ्याला किमतीच्या आधी हे विचारावं: तुलनेची मुलं कुठली आणि सूचना कोणत्या भाषेत?

शिवाय रोबोच्या असण्याचाही मुलांवर परिणाम होतो. २०१८ मध्ये 'सायन्स रोबोटिक्स'मध्ये आलेल्या एका प्रयोगात सात ते नऊ वर्षांच्या मुलांना रेघांची लांबी ताडायला सांगितली होती. एकटी असताना त्यांची ८७ टक्के उत्तरं बरोबर आली. शेजारी बसलेले रोबो मुद्दाम चुकीचं उत्तर देऊ लागले तेव्हा ७५ टक्के. मोठी माणसं तशी बधली नाहीत. उलट, मुलं रोबोला बिचकतात ही भीती फारशी खरी नाही. केंब्रिजमध्ये २०२२ साली आठ ते तेरा वर्षांच्या २८ मुलांशी एका छोट्या रोबोने गप्पा मारल्या. विषय बुद्धीचा नव्हता, मनःस्थितीचा होता; पण काही मुलांनी प्रश्नावलीतून किंवा पालकांकडून न कळलेल्या गोष्टी त्याला सांगितल्या.

आणि रोबोच हवा असंही नाही. गोव्यातून सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी 'डीप' नावाची टॅब्लेटवरची खेळमालिका तयार केली: आकार जुळवा, वेगळं चित्र ओळखा, लपलेल्या वस्तू शोधा. हरियाणाच्या खेड्यांत तीनेक वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन ती वापरून पाहिली गेली, तीही तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी. टॅब्लेट कधीच न हाताळलेली मुलंही खेळली. पिशवीत मावणारं साधन गल्लीबोळांत पोचतं. हातपाय हलवणारा रोबो बहुधा एखाद्या महागड्या शाळेच्या काचेच्या खोलीत राहील.

राहिला निदानाचा प्रश्न. अशा खेळांतून चाळणी होते, निदान नाही. 'स्लो' असा शिक्का मारायला तर ते मुळीच वापरू नयेत. गुण कमी आले तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातल्या उशिराची तपासणी मोफत होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत पाठवलं जातं. तिथे आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. मागे बसलेल्या मुलाला 'म्हैस' नीट ऐकूच आलं नाही, तर त्याचं बोट वर जाणारच.