पेढीची पत आणि पडद्यावरचा शोध

नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली की शहराभोवतीच्या पथाऱ्या लालेलाल होतात. व्यापारी ढिगातील मिरची हातात घेतो, रंग पाहतो, ओलावा अजमावतो आणि मगच भाव बोलतो. या सौद्यात माल डोळ्यांसमोर असतो आणि माणूसही. ऑनलाइन खरेदीत यांपैकी काहीच समोर नसते. पुण्याचा किंवा इंदूरचा ग्राहक नंदुरबारची मिरचीपूड, भौगोलिक मानांकन लाभलेली नवापूरची तूरडाळ किंवा धडगाव परिसरातील आमचूर घरबसल्या मागवतो, तेव्हा तो पैसे कशाच्या भरवशावर देतो?

त्याचा भरवसा दोन गोष्टींवर असतो. मोबाइलवर नाव टाकताच शोधयंत्र काय दाखवते, ही एक. आणि आधी घेतलेले लोक काय सांगतात, ही दुसरी.

न पाहिलेल्यावरचा विश्वास

व्यापारी समाजाला हा प्रश्न नवा नाही. हुंडीच्या काळात एका गावच्या पेढीने लिहिलेला कागद दूरच्या गावची पेढी सकारत असे आणि रोख रक्कम मोजून देत असे. मोल कागदाला नव्हते, त्यावरील नावाला होते. ते नाव कोणत्याही जाहिरातीने घडलेले नसे. मुदतीत चुकवलेले देणे, पुरे भरलेले माप आणि पाळलेला शब्द यांची वार्ता एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाई व तिलाच पत म्हणत.

आजचे शोधयंत्रही मुळात याच न्यायाने उभे राहिले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी अमेरिकेत लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन तरुणांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना अशी होती की, ज्या पानाचा हवाला इतर अनेक पाने देतात ते पान महत्त्वाचे. आणि हवाला देणारे पान स्वतः जितके मान्यवर, तितके त्याच्या हवाल्याचे वजन अधिक. बाजारातही दहा अनोळखी माणसांच्या स्तुतीपेक्षा एका जाणत्या आडत्याचा शब्द भारी ठरतो. तोंडोतोंडी चालणारी ही पारख संगणकाने गणितात बसवली, इतकेच.

यंत्राला न दिसणारी पत

मात्र एक मोठा फरक आहे. यंत्राला केवळ लिहिलेलेच कळते. आजोबांनी पन्नास वर्षे राखलेला सचोटीचा लौकिक गावात प्रत्येकाला ठाऊक असला, तरी इंटरनेटवर त्याची एक ओळही नसेल तर शोधयंत्राच्या लेखी ते दुकान कालच उघडलेले असते. परिसरातील दुकानांचा क्रम लावताना ग्राहकाच्या शोधाशी जुळणी, दुकानाचे अंतर आणि त्याची ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगल सांगते. ख्यातीच्या मोजणीत ग्राहकांचे अभिप्राय येतात. पत्ता, वेळ व दूरध्वनी क्रमांक अचूक नोंदवणे आणि मालाची खरी छायाचित्रे ठेवणे हे काम म्हणूनच जमाखर्चाच्या वहीइतके नियमित व्हायला हवे. ही नोंदणी विनामूल्य आहे.

भाषेचेही तसेच. नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. तेथील सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजीत दिल्या जातात. जिल्ह्यातील ग्राहकही असाच अनेक भाषांत शोध घेतो. मालाचे नाव केवळ इंग्रजीत लिहिणारा दुकानदार मराठीत वा गुजरातीत शोधणाऱ्याच्या दृष्टीआड राहण्याचा संभव अधिक.

शब्दाचे वजन

जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द अधिक परिणाम करतो, हे अभ्यासानेही दाखवले आहे. एलिहू काट्झ व पॉल लाझर्सफेल्ड यांनी अमेरिकेतील डिकेटर या मध्यम आकाराच्या शहरातील सुमारे ८०० स्त्रियांच्या निवडींचा अभ्यास केला व तो १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. घरगुती वस्तू बदलताना वर्तमानपत्र वा रेडिओपेक्षा परिचितांच्या सांगण्याचा प्रभाव मोठा असल्याचे त्यांना आढळले.

आज हे सांगणे व्हॉट्सॲपवरील कुटुंबाच्या आणि महिला मंडळाच्या गटांतून चालते. नणंद सांगते की अमुक ठिकाणची डाळ चांगली शिजते. भावजय लगेच मोबाइलवर ते नाव शोधते. अशा वेळी जुना, बंद पडलेला क्रमांक किंवा उत्तर न मिळालेल्या चार तक्रारी दिसल्या, तर नणंदेचा शब्द वाया जातो. सर्व काही नीट दिसले तर मागणी नोंदली जाते आणि माल चांगला निघाल्यास भावजय तोच शब्द पुढे नेते.

खोटा शब्द

या साखळीची सर्वांत दुबळी कडी म्हणजे विकत घेतलेली स्तुती. समोरासमोर खोटे बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. पडद्यावरच्या अभिप्रायाला चेहरा नसतो. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. त्याआधीच, २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे. शोधयंत्रही अगदी निःस्वार्थ नसते. शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

जैन व्यापाऱ्याला मात्र या बाबतीत कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिखाण, गणली आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नकली माल देणे, येतो. पैसे देऊन लिहून घेतलेला अभिप्राय पहिल्यात बसतो आणि छायाचित्रात एक दाखवून खोक्यात दुसरे पाठवणे दुसऱ्यात. धंद्यातील स्पर्धेचे कारण सांगून यातून सुटका होत नाही.

गिऱ्हाईक होताना

गिऱ्हाइके ऑनलाइन गेल्याची खंत दुकानात करणारे कुटुंब घरी स्वतःही मोबाइलवर खरेदी करीत असते. म्हणून पारख दोन्ही बाजूंनी हवी. यादीत सर्वांत वर दिसणाऱ्या नावावर ‘प्रायोजित’ असे लिहिले असेल, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे हे ओळखावे. एकाच दिवशी, एकाच थाटात लिहिलेले पाच ताऱ्यांचे अभिप्राय सोडून तीन ताऱ्यांचे वाचावेत. गुण व दोष दोन्ही बहुधा तेथे सापडतात. ‘दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे हा प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवला आहे. ऑनलाइन बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि दुकानदार म्हणून वाईट अभिप्राय आला, तर तो पुसण्याची खटपट करण्यापेक्षा त्याला नावानिशी उत्तर द्यावे, माल बदलून द्यावा आणि बदलल्याचे तेथेच लिहावे. पूर्वी परत आलेली वस्तू विनातक्रार घेणाऱ्या पेढीची वार्ता चार गावे जात असे. आता ते उत्तर पुढचा प्रत्येक अनोळखी ग्राहक वाचतो आणि त्यावरूनच पैसे पाठवायचे की नाही ते ठरवतो.