मूळ मजकूर झाकून

स्वतःची भाषा रचणाऱ्याची मोठी पंचाईत म्हणजे ती वाचायला दुसरं कुणी नसतं. एस्पेरांतोची (१८८७) गोष्ट वेगळी, ती जगाने बोलावी म्हणूनच काढलेली. पण निव्वळ हौसेपोटी क्रियापदं आणि विभक्ती घडवत बसणाऱ्यांचं काय? टोल्किनने १९३१मध्ये ऑक्सफर्डला या छंदावर दिलेलं व्याख्यान पुढे ‘गुप्त व्यसन’ अशा अर्थाच्या शीर्षकाने छापलं गेलं, यातच सगळं आलं.

नव्वदच्या दशकात इंटरनेटमुळे ही मंडळी एकमेकांना सापडली. आपली भाषा दाखवायची तर बायबलमधली, माणसांच्या भाषा वेगळ्या कशा झाल्या ते सांगणारी बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट तिच्यात उतरवायची, असा रिवाजच पडला. विषयाला शोभेशी निवड, पण मला ती फसवी वाटते. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. वाचणारा शब्दांवरून नजर फिरवायचा आणि वाहवा करून मोकळा व्हायचा. भाषा कळायची गरजच नव्हती.

दशक सरताना अनुवादाची रिले सुरू झाली आणि ही सोय गेली. पहिला गडी आपल्या भाषेत छोटा मजकूर लिहितो. दुसऱ्याला मिळतो तो मजकूर, शब्दार्थांची यादी आणि व्याकरणाची टिपणं; मूळ अर्थ झाकलेलाच. साधारण दोन दिवसांत त्याने तो उलगडून स्वतःच्या भाषेत लिहायचा आणि तिसऱ्याकडे सरकवायचा. शेवटी मजकूर पहिल्याच्या हाती परत येतो, मग सगळ्यांचे कागद उघडतात. आपल्या कानगोष्टींसारखंच, फक्त प्रत्येक कान वेगळ्या व्याकरणाचा.

समजा, वाक्य आहे : ‘पाऊस येतोय, असं आईने मुलाला सांगितलं.’ सिल्व्हिया सोटोमायोर यांच्या केलेन भाषेत क्रियापदच नाही. चार संबंधदर्शक शब्दांवर सगळा कारभार. देणं काय, सांगणं काय, दोन्ही ‘से’ या एकाच शब्दावर. म्हणजे आईकडून मुलाकडे पावसाचे बोल गेले. पुढे टोकी पोना, २००१मधली, जेमतेम सव्वाशे शब्दांची. तिथे ‘मामा’ म्हणजे आई किंवा बाप, कुणीही. पाऊस म्हणजे ‘तेलो सेवी’, वरचं पाणी. पण ‘सेवी’चा अर्थ ‘पवित्र’ असाही होतो, आणि पुढच्याने तोच धरला तर पावसाचं तीर्थ झालं! त्यानंतर सुझेट हेडन एल्गिन यांची १९८२मधली लाआदान. तिच्यात वाक्याच्या शेवटी सांगावंच लागतं, की हे स्वतः अनुभवलं, स्वप्नात पाहिलं, की कुणा भरवशाच्या माणसाकडून कळलं. (आपण नुसतं ‘म्हणे’ चिकटवून सुटतो.) मूळ वाक्यात याचा पत्ता नसतो, तेव्हा अनुवादकाला ते पदरचं घालावं लागतं.

अर्थाच्या या घसरगुंडीवर हसायला मजा येते, पण मला महत्त्वाची वाटतात ती टिपणं. भाषा एकट्याच्या डोक्यात असते तोवर नियमांतली भोकं दिसत नाहीत. घडवणारा ती नकळत बुजवत असतो. परक्या माणसाने दोन दिवसांत कामाला लावावं असं व्याकरण लिहायला बसलं, की संबंधी वाक्याचा नियम आपण ठरवलाच नव्हता हे ध्यानात येतं. शब्दकोश कितीही जाड असो, ही पोकळी त्याने झाकत नाही.

पुढे दिवस पालटले. २००६मध्ये बर्कलीला भाषारचनाकारांची पहिली परिषद भरली, २००७मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. २००९मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’साठी भाषा हवी होती, तेव्हा याच संस्थेमार्फत स्पर्धा झाली आणि डेव्हिड पीटरसन यांची दोथ्राकी निवडली गेली. त्याच वर्षी ‘अवतार’मध्ये पॉल फ्रॉमर यांची नावी ऐकू आली. आपल्याकडे ‘बाहुबली’तल्या (२०१५) कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी किलिकी रचली.

छंदाचं काम झालं, मानधन आलं, लाखोंच्या कानांवर भाषा पडली. पण पडद्यावरच्या संवादाखाली अर्थ लिहिलेला असतो आणि प्रेक्षक तोच वाचतो. म्हणजे गाडी पुन्हा बाबेलच्या मनोऱ्यापाशीच. रिलेतल्या गड्याला खालची ओळ मिळत नाही. परिषदांच्या जोडीनेही रिले होत राहिली ती उगाच नव्हे. दोन पैसे न मिळताही तिथे अनोळखी माणूस दोन रात्री तुमच्या विभक्तिप्रत्ययांशी झटत बसतो.