हवालदार व्हायचं की सुभेदार?

दिवाळीतला किल्ला चौथ्या-पाचव्या दिवशी जरा सुनासुना होतो. आळीव उगवून आलेले असतात, महाराज सिंहासनावर बसलेले असतात, बुरुजाबुरुजांवर मावळे उभे असतात. पण पोरांना करायला काही उरलेलं नसतं. अशाच एका दुपारी शिरूरला बहिणीच्या अंगणात भाचेमंडळींनी किल्ल्याच्या पायथ्याशी प्लॅस्टिकचे हिरवे, बंदूकवाले सैनिक मांडले. पाच मिनिटांत भांडण जुंपलं. 'ठो! तुझा मेला.' 'नाही मेला, तो दगडामागं होता.' शेवटी दोघं माझ्याकडे आले, 'मामा, तुम्ही सांगा.'

मंडळी, हे भांडण फार जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाच्या खेळाचे नियम छापले, तेव्हा 'मेला की नाही' हे सांगायला मध्ये एक पंच बसवला होता. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्याहून सोपा उपाय सांगितला. खेळण्यातल्या तोफेतून खरोखरच गोळा उडवायचा. बाहुली आडवी झाली की मेली. वाद संपला! आज अशा खेळांच्या नियमांची पुस्तकं ढिगानं मिळतात आणि पंचाचं काम बहुतेक वेळा फासेच करतात. त्यातही आजच्या काळातल्या छोट्या चकमकींचे, म्हणजे दोन्हीकडे आठ-दहापासून तीस-चाळीस माणसं असलेल्या खेळांचे नियम वेगळे असतात. त्यातले कोणते घ्यायचे, हा खरा प्रश्न.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली. जाड पुस्तक ते चांगलं, अशी माझी समजूत. त्यात प्रत्येक बंदुकीचा वेगळा तक्ता होता. आम्ही एकेका बाजूला साठ सैनिक मांडले. दोन संध्याकाळी झाल्या तरी पहिली गोळी सुटेना. तिसऱ्या दिवशी पोरं क्रिकेट खेळायला निघून गेली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

मग लक्षात आलं की बंदुकीचं पान उघडण्याआधी स्वतःला एक विचारायचं: या खेळात मी कोण आहे? आपल्या सैन्यात साधारण दहा जणांची एक सेक्शन असते आणि ती हवालदाराच्या हाताखाली असते. अशा तीन सेक्शन मिळून प्लाटून होते. ती नायब सुभेदार, सुभेदार किंवा एखादा तरुण अधिकारी सांभाळतो. हवालदाराला दिनकर कुठल्या बांधामागं आहे हे ठाऊक असावं लागतं. सुभेदाराला दिनकर दिसतच नाही. त्याला हवालदार ऐकतोय की नाही, याची काळजी. दोघांच्या काळज्या वेगळ्या, म्हणून नियमही वेगळे. एकाच पुस्तकात दोघांचं समाधान करू पाहणारे नियम मला तरी आजवर पचलेले नाहीत.

सुभेदार व्हायचं असेल तर 'चेन ऑफ कमांड' बघा. 2013 सालचे हे नियम दुसऱ्या महायुद्धाचे आहेत, पण हौशी मंडळी ते पुढच्या काळालाही लावतात. दर वेळी पाच फासे टाकायचे आणि पडलेल्या आकड्यांवरून तुमचा हुकूम कोणापर्यंत पोचला ते ठरतं. मनात असतं डावीकडून जायचं, आणि डावीकडच्यांना निरोपच मिळत नाही. ज्यानं कधी लग्नघरात वाढप्यांवर देखरेख केली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. त्याच महायुद्धावरचे 'बोल्ट ॲक्शन'चे नियम 2012 सालचे. त्यात दोन्ही बाजूंचे फासे एका पिशवीत घालून एकेक काढायचा. ज्याचा निघेल त्याच्या एका टोळीनं हालचाल करायची. लहान मुलांसाठी हे उत्तम, कारण कोणालाच फार वेळ ताटकळावं लागत नाही.

पण या दुसऱ्या नियमांत रायफलचा पल्ला 24 इंच. आमचा हिरवा सैनिक पाच सेंटिमीटर उंच, म्हणजे माणसाच्या साधारण पस्तिसावा भाग. त्या मापानं 24 इंच होतात जेमतेम 21 मीटर. एवढ्या अंतरावरून हाक मारली तरी ऐकू येते! आपल्या इन्सास रायफलचा परिणामकारक पल्ला 400 मीटर, म्हणजे त्याच मापानं अकरा मीटरहून जास्त. गोळी अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाणार. म्हणून आजच्या काळातली चकमक खेळताना गोळी कुठवर जाते याला फारसा अर्थ उरत नाही. कोण कोणाला दिसतं, यालाच अर्थ. आमच्याकडे तर हे लगेच पटतं. शिरूर-दौंडच्या वाढलेल्या उसात पाच हातांवरचा बिबट्या दिसत नाही, तिथं माणूस काय दिसणार? आम्ही किल्ल्यापुढं वाळक्या गवताचा ऊस लावला आणि खेळ एकदम बदलला.

आजच्याच काळासाठी लिहिलेले 2011 सालचे 'फोर्स ऑन फोर्स' हे नियम आम्हाला इथं उपयोगी पडले. त्यात समोरच्याची पाळी चालू असताना तुम्ही गप्प बसायचं नसतं; तो उसातून बाहेर पडला की तुम्हालाही गोळी झाडायची संधी असते. शिक्षणाचा फरक फाशातच असतो. कच्च्या शिपायाला सहा बाजूंचा फासा, मुरलेल्याला बारा बाजूंचा, आणि दोघांनाही हवेत चार किंवा त्याहून जास्त. म्हणजे कच्च्याची आशा शंभरात पन्नास, मुरलेल्याची पंच्याहत्तर. वेगळा तक्ता लागत नाही.

माझा धाकटा भाऊ राज्य राखीव पोलीस दलात, दौंडला. तिथं दलाचे दोन गट आहेत, 5 आणि 7. दिवाळीला तो शिरूरला आला की खेळाकडे पाठ करून पेपर वाचत बसायचा. मी एकदा छेडलं, तर म्हणाला, 'दादा, तुमच्याकडे माणूस पडला की डब्यात जातो. आमच्याकडे पडला की त्याला उचलायला दोघं लागतात. आणि गोळीचा आवाज आला की मरायच्या आधी माणूस जमिनीला चिकटतो, हे तुमच्या पुस्तकात कुठंय?'

त्यानंतर कुठलंही नवं पुस्तक हाती आलं की मी आधी हीच दोन पानं शोधतो. गोळीबारानं माणसं दबून बसतात का? आणि जखमीचं पुढं काय होतं? वरच्या तिन्ही नियमांत दबून बसणं आहे. जखमीचा विचार मात्र 'फोर्स ऑन फोर्स'मध्ये जास्त बारकाईनं केलेला आहे: पडलेल्याची अवस्था नंतर फाशानं बघायची, आणि त्याला सांभाळणाऱ्या टोळीचा वेग कमी होतो. गावातली साधी माणसंही पटावर येऊ शकतात. आम्ही उसाच्या कडेला बैलगाडी आणि एक म्हातारी ठेवली. ती ठेवल्यापासून धाकटा भाचा बेधडक गोळीबार करत नाही. आधी विचारतो, 'मामा, आजी कुठंय?'

गेल्या दिवाळीला त्याचा एक शिपाई रुळाजवळ पडला. दौंडचं स्टेशन म्हणून आम्ही आगपेटीचे डबे मांडले होते. जखमीला आणायला दोघांना पाठवायचं, तर बांधावरची जागा सोडावी लागणार होती. पोरगं अडलं. माझा भाऊ पेपर खाली ठेवून उठला, त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, 'थांब, घाई करू नको. आधी त्या डब्यांमागून कोण बघतंय ते सांग.'