हिशेबाच्या डब्यात खेळाचं कार्ड

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सराफांची पेठ. अशा पेढ्यांवर गल्ल्याशेजारी वर्षानुवर्षं एक काळा डेस्कटॉप बसलेला असतो. दिवसभर बिलं काढायची आणि रात्री हिशेब टॅलीत उतरवायचा, एवढंच त्याचं काम. देशभरच्या पेढ्या, बँका आणि कार्यालयांतून असे डेस्कटॉप आता मोठ्या संख्येने बाहेर पडताहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची ठणठणीत यंत्रं कार्यालयांनी बदलायला काढली.

त्यातलं एखादं पेढीवरून घरी येतं आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलाची नजर त्यावर पडते. सदर बाजारापासून थोड्या अंतरावर तात्यापारा ही मराठी वस्ती आहे. नागपूरच्या भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडवर आला, तेव्हापासून या शहरात मराठी कुटुंबं नांदताहेत. तिथल्या काय किंवा नागपूर-पुण्यातल्या काय, घराघरांतला प्रश्न सारखाच: या डब्यावर गेम चालेल का? आणि चालायचा तर खर्च किती?

चालतो. ‘व्हॅलोरंट’ची किमान गरज इतकी माफक आहे, की प्रोसेसरमधल्या इंटेल एचडी ४००० या जुन्या ग्राफिक्सवरही तो सुरू होतो. २०१५ साली पीसीवर आलेल्या ‘जीटीए ५’साठी कोअर आय५-३४७० आणि ८ जीबी रॅमची शिफारस आहे, फक्त मार्च २०२५मध्ये आलेल्या ‘एन्हान्स्ड’ आवृत्तीऐवजी जुनी ‘लेगसी’ निवडावी, कारण नवीचं ओझं बरंच जास्त आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’ मात्र ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा मागतो. म्हणजे सहाव्या पिढीचा, चार कोअरचा आय५-६५०० असलेला डेस्कटॉप या खेळांसाठी मुळीच टाकाऊ नाही.

अडचण वेगळ्याच ठिकाणी असते आणि बहुतेकांना ती कार्ड विकत घेतल्यावर कळते. कार्यालयासाठी बनवलेल्या डेस्कटॉपमध्ये कंपनी वीज पुरवणारा एसएमपीएस नेमका कामापुरता बसवते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०५०च्या बारीक कॅबिनेटमध्ये तो १८० वॅटचा आहे, त्याच मॉडेलच्या टॉवरमध्ये २४० वॅटचा. आधीच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवरमध्ये २९० वॅट मिळतात. गेमिंग कार्डांना लागणारी सहा किंवा आठ पिनांची जादा वायर या एसएमपीएसमधून सहसा निघतच नाही. ‘मग एसएमपीएसच बदलू’ म्हणावं, तर साध्या मदरबोर्डवर असतो तो २४ पिनांचा सॉकेट इथे नसतो. डेलने ९०२०पासून आपला आठ पिनांचा सॉकेट आणला. एचपी आणि लेनोव्होच्याही आपापल्या तऱ्हा आहेत. अ‍ॅडॉप्टर वायर मिळते, पण बारीक कॅबिनेटमध्ये बाजारातला नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस मावत नाही.

म्हणून कोणत्याही दुकानात पाऊल टाकण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडावं. एसएमपीएसवरच्या स्टिकरवर वॅट पाहावेत, मोकळ्या वायरी मोजाव्यात आणि कार्डाच्या खणाची उंची पट्टीने मापावी. बजेटचा निर्णय या माहितीवरच व्हायला हवा. वीस हजारांचं कार्ड आणून ते न बसल्यामुळे परत करायची धडपड यातून टळते.

मदरबोर्डवरचा ग्राफिक कार्डाचा मोठा स्लॉट स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज पुरवू शकतो. त्यामुळे तेवढ्यातच भागवणारी, जादा वायर न लागणारी कार्डं ही या डेस्कटॉपची खरी सोबती. एनव्हिडियाचं २०१६चं जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९चं जीटीएक्स १६५० ही त्यातली सर्वांत परिचित नावं. दोन्ही ४ जीबीची, दोन्ही ७५ वॅटच्या मर्यादेत, आणि दोन्हींच्या बुटक्या आवृत्त्याही निघाल्या. मात्र १६५०च्या काही मॉडेलांना सहा पिनांची वायर लागते, तेव्हा कार्डाची वरची कड पाहूनच पैसे द्यावेत. सेकंडहँड बाजारात १६५० हा आजही शहाणा सौदा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेला ‘राजी’ त्यावर छान खेळता येतो. नवीनच हवं असेल, तर फेब्रुवारी २०२४मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटमध्ये भागवतं. पण त्याची किंमत जुन्या डेस्कटॉपच्या किमतीलाही मागे टाकते.

एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं आणि आकारानेही लहान आहे, म्हणून दुकानदार ते आवर्जून पुढे करतात. त्याची एक बाजू मात्र सांगायची राहून जाते. हे कार्ड डेटाच्या चारच मार्गिका वापरतं. नव्या, चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये त्या पुरतात. सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर स्लॉट तिसऱ्या पिढीचा असल्याने त्यांचा वेग निम्मा होतो आणि काही खेळांत हे कार्ड चांगलंच अडखळतं. इंटेलच्या आर्क कार्डांचंही तसंच. ‘रिसायझेबल बार’ ही सोय नसेल तर त्यांची ताकद बरीच घटते, आणि कंपन्यांच्या या जुन्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ती सहसा नसते.

बाजारात सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ एवढ्याच शब्दांवर. जीटी ७३० हे २०१४चं कार्ड अजून नव्या खोक्यात विकलं जातं. त्यावर मेमरी ४ जीबी असली, तरी ती सहसा संथ डीडीआर३ असते. खेळासाठी ते घेऊ नये. जीटी १०३०च्या दोन आवृत्त्या एकाच नावाने फिरतात. जीडीडीआर५ची सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवते, डीडीआर४ची १७ जीबीच्याही आत. आरएक्स ५८०मध्येही असाच घोळ आहे. मूळ कार्डात २३०४ कोअर असतात, तर ‘२०४८एसपी’ या आवृत्तीत नावाप्रमाणे २०४८च. शिवाय मूळ ५८०ची भूक १८५ वॅटची, म्हणजे कार्यालयीन डेस्कटॉपच्या आवाक्याबाहेरची. जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला १०५० टीआयचं नाव देण्याचे प्रकारही झाले आहेत. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर अशी पुष्कळशी बनावट कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ असं दाखवतं. दुकानातच कार्ड लावून ते चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. प्रामाणिक दुकानदार नाही म्हणत नाही.

कार्डाइतकाच फरक एसएसडीने पडतो, खेळाच्या एफपीएसमध्ये नाही तरी वापरण्याच्या सुखात. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. रॅम ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी लावून दोन्ही चॅनेल सुरू करावेत. चौथ्या पिढीच्या यंत्राला डीडीआर३ लागते, सहाव्यापासून बहुतेकांत डीडीआर४; डीडीआर३चा मदरबोर्ड डीडीआर४ची पट्टी घेत नाही. यात वाईट बातमी अशी, की २०२५च्या अखेरीपासून रॅम झपाट्याने महागली. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीचे कारखाने राबताहेत आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. असं एक डेटा सेंटर पार्क खुद्द नवा रायपूरला उभं राहतंय. रॅम अशी महागल्याने बंद पडलेल्या कार्यालयीन डेस्कटॉपमधून काढलेली, चाचणी केलेली जुनी पट्टी घेण्यात काहीही कमीपणा मानू नये.

रायपूरच्या माणसाने आणखी एका खर्चाची तयारी ठेवावी, आणि तो अगदी थोडका आहे. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ या शहराला नवी नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाच-सात वर्षं पेढीत चाललेल्या डब्याच्या पंख्यावर धुळीचा थर असतो आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि मग नव्या कार्डाला दोष दिला जातो. ब्लोअरने साफसफाई आणि पेस्टची एक ट्यूब, एवढ्याने हे दुखणं बरं होतं.

विंडोज १०वर घरगुती ग्राहकांना जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घेता येतात. त्यानंतर लिनक्सचा पर्याय आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’ त्यावर थेट चालतो, ‘व्हॅलोरंट’ मात्र त्याच्या अँटी-चीटमुळे चालत नाही. ज्याचा जीव ‘व्हॅलोरंट’मध्येच अडकलाय, त्याने सातव्या पिढीच्या यंत्रावर मोठा खर्च करू नये, थोडे जास्त मोजून आठव्या पिढीचं रिफर्बिश्ड यंत्र घ्यावं. सहाव्या पिढीच्या बोर्डवर आठवीचा प्रोसेसर बसवायचा विचारही सोडावा. सॉकेटचं नाव दोन्हींचं एलजीए ११५१ असलं, तरी ते जमत नाही.

सगळं बसवून झाल्यावर मॉनिटरची वायर आठवणीने कार्डाच्या पोर्टला जोडावी. ती मदरबोर्डच्या जुन्या पोर्टला राहिली, तर कार्ड रिकामं बसतं. पेढीवरचा मॉनिटर बहुधा निळ्या व्हीजीए वायरचा असतो आणि नव्या कार्डांवर व्हीजीए पोर्ट नसतो, म्हणून कार्डाबरोबरच एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टरही बिलात धरावा.