काळ्या पडद्यावरची मोजदाद

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि दापोली तालुक्यातील केळशी, आंजर्ले परिसरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न हाती यायला पाच-सहा वर्षे तरी जातात, माडाला त्याहून अधिक. त्यामुळे कोणाच्या वाडीत काय होते आणि काय गेले, याची नोंद गावाला पुढे बराच काळ लागणारी असते. केळशीतल्या बागायतदारांशी बोलून अशा नोंदी मी साध्या मजकुराच्या फायलींत ठेवत आलो आहे. त्यांची मोजदाद लिनक्स या मुक्त प्रणालीवर, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून करतो. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. ज्यांनी घेतलेले नाही, त्यांच्यासाठीच हे विवेचन आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिहिला. त्याची घडण मात्र १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सची. त्या घडणीतले तत्त्व असे, की प्रत्येक साधनाने एकच काम नीट करावे आणि कामे एकमेकांना जोडावीत. डग्लस मॅकिलरॉय यांनी ही जोडणी सुचवली तेव्हा, १९६४ सालच्या एका टिपणात, बागेत पाणी घालायच्या नळीची उपमा दिली होती. आपल्याकडे पाटाचे पाणी म्हटले की झाले. एका अळ्यातले पाणी पुढच्या अळ्यात जाते, तसा एका आज्ञेतून निघालेला मजकूर पुढच्या आज्ञेत जातो. दोन आज्ञांमध्ये उभी रेघ काढली, की पाट तयार.

आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. इथे त्यांचे उच्चार देतो. ‘पीडब्ल्यूडी’ आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते, ‘एलएस’ तिथल्या फायली दाखवते, ‘सीडी’ दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. ‘कॅट’ मजकूर पडद्यावर आणते, ‘ग्रेप’ हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडते. ‘सॉर्ट’ ओळी क्रमाने लावते, तर ‘युनिक’ लागोपाठच्या सारख्या ओळींची एक ओळ करते आणि ‘सी’ हा पर्याय दिल्यास त्या किती होत्या तेही सांगते. समजा, पडलेल्या प्रत्येक झाडासाठी एक ओळ लिहिली आहे: माड, पोफळ, आंबा, जायफळ. आधी सॉर्ट, मग उभी रेघ, मग युनिक, एवढ्यावर जातवार आकडे समोर येतात. ‘लागोपाठच्या’ हा शब्द लक्षात ठेवावा. सॉर्ट गाळले तर एकाच जातीचे आकडे तुकड्यांत येतात.

खरी मेख देवनागरीत आहे. ‘केळशी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. ‘डब्ल्यूसी’ ही मोजणीची आज्ञा त्यात पाच चिन्हे मोजते (क, एकाराची मात्रा, ळ, श, दीर्घ वेलांटी) आणि बाइट मोजायला सांगितले तर पंधरा. ‘सुपाऱ्या’ हा शब्द तर दोन प्रकारे टंकता येतो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. बहुतेक फाँटांत दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्यात आठ चिन्हे, दुसऱ्यात नऊ. एक प्रकार शोधला तर ग्रेपला दुसरा सापडत नाही, आणि काही चुकले अशी सूचनाही मिळत नाही. दोन माणसांनी टंकलेल्या नोंदी एकत्र केल्या, तर एकाच्या साऱ्या सुपाऱ्या हिशेबातून गळू शकतात. म्हणून आधी ‘सुपा’ एवढेच शोधून येणाऱ्या ओळी नजरेखालून घालाव्यात, मग ‘सेड’ या आज्ञेने एक प्रकार दुसऱ्यात बदलावा. त्याआधी ‘सीपी’ने मूळ फायलीची प्रत काढावी. ‘आरएम’ने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, कायमची जाते, त्या आज्ञेला ‘आय’ पर्याय जोडला तर ती पुसण्यापूर्वी विचारते.

अडले तर ‘मॅन’ लिहून पुढे आज्ञेचे नाव द्यावे. माहिती इंग्रजीत, पण संगणकातच असते. वादळानंतर गावात संपर्क नसतो, तेव्हा या सोयीचे मोल कळते.

संस्थेचे पाठबळ नसलेल्या अभ्यासकाला ‘हा आकडा आला कुठून?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. माउसने केलेल्या कामाचा माग सहसा राहत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र नोंदींशेजारी जपून ठेवता येते. उद्या वाडीचा मालक, त्याची नात किंवा शंका घेणारा कोणीही तीच आज्ञा त्याच नोंदींवर चालवून आकडा पडताळू शकतो, आणि चूक असेल तर ती नेमकी कुठे आहे हेही दाखवू शकतो.